कालुग्याचे गुरुजी

हिवाळ्याचे दिवस होते. रशियातील बोरोव्स्क या लहानशा गावाजवळून वाहणारी प्रोत्वा नदी गोठून घट्ट झाली होती. तिच्या पांढऱ्याशुभ्र पाठीवरून शेतकऱ्यांच्या घसरगाड्या नेहमीप्रमाणे चालल्या होत्या. एकाएकी गाड्यांचे घोडे बुजले आणि मागे सरू लागले. समोरून एक खुर्ची भरधाव येत होती! खुर्चीच्या पायांखाली घसरपट्ट्या होत्या, तिच्यावर शीड फडफडत होते आणि खुर्चीत गावच्या शाळेतील गणिताचे शिक्षक बसलेले होते. गाडीवाल्यांनी त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार केला. परंतु गुरुजींच्या मुद्रेवर त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. वाऱ्याबरोबर त्यांची खुर्ची दूर निघून गेली. गुरुजींना त्या शिव्या ऐकूच आल्या नव्हत्या. ते जवळजवळ बहिरे होते.

या गुरुजींचे नाव कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की. शिडाची खुर्ची ही त्यांची केवळ गंमत होती. त्यांच्या डोक्यात याहून कितीतरी मोठी वाहने घोळत असत. धातूचे प्रचंड वायुयान, पक्ष्यासारखे पंख पसरलेले विमान, चाकांवाचून धावणारी आगगाडी आणि पृथ्वी सोडून जाणारा अग्निबाण, अशी एकाहून एक विलक्षण वाहने त्यांनी कागदावर रेखाटली. त्यांतील एकही त्यांच्या हयातीत पूर्णपणे बांधले गेले नाही. तरीही आज त्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी त्यांचे जीवन पाहिले पाहिजे.

त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रियाझान प्रांतातील इझेव्स्कोये या खेड्यात झाला. त्यांचे वडील जंगल अधिकारी होते. आईने त्यांना लिहावाचायला शिकविले. कॉन्स्टँटिन सात-आठ वर्षांचा असताना आईने त्याला उद्जन वायूने भरलेला एक चिमुकला फुगा आणून दिला. हातातील दोरी सैल सोडताच तो फुगा वर जाऊ पाही. त्या फुग्याने मुलाच्या मनाला जे वेड लावले, ते पुढे जन्मभर टिकले.

परंतु लवकरच त्याच्यावर मोठा घाला पडला. कॉन्स्टँटिन दहा वर्षांचा असेल नसेल, तोच बर्फावर खेळताना त्याला थंडी बाधली आणि अंगावर तांबडे पुरळ आणणारा कडक ताप आला. जीव वाचला, पण ऐकण्याची शक्ती बहुतेक नाहीशी झाली. सवंगड्यांचे बोलणे त्याला कळेना. शाळेत गुरुजी काय शिकवितात हेही समजेना. १८७० साली त्याची आई वारली. तीन वर्षांनी शाळाही सुटली. त्यानंतर कोणत्याही शाळेची पायरी विद्यार्थी म्हणून चढण्याचा योग त्याला आला नाही.

आता पुस्तके हेच त्याचे गुरू झाले. वडिलांच्या संग्रहातील गणिताची व विज्ञानाची पुस्तके तो एकटाच वाचू लागला. नुसते वाचून मात्र त्याचे समाधान होत नसे. एका पुस्तकात दूरच्या वस्तूचे अंतर कोन मोजून कसे काढावे, हे दिले होते. त्याने लगेच तसे एक साधे यंत्र घरी तयार केले आणि अंगणाबाहेर न पडता गावातील आगीच्या टेहळणी बुरुजाचे अंतर काढले. उत्तर आले ४०० आर्शिन. आर्शिन हे त्या काळचे रशियन माप. मग तो निघाला आणि पावलांनी मोजत बुरुजापर्यंत गेला. उत्तर बरोबर होते! कागदावरचे गणित आणि जमिनीवरचे अंतर यांचा मेळ बसलेला पाहून त्या मुलाचा गणितावर जो विश्वास जडला, तो कधीच ढळला नाही.

मुलाची बुद्धी पाहून वडिलांनी १८७३ साली त्याला मॉस्कोला पाठविले. तेथे तो तीन वर्षे राहिला. वडील दरमहा दहा-पंधरा रूबल पाठवीत. त्यांतील बहुतेक पैसे पुस्तके, काचेच्या नळ्या, पारा आणि आम्ले यांवर खर्च होत. खाण्यासाठी तो दर तीन दिवसांनी ९ कोपेकांचा काळा पाव आणी. म्हणजे महिन्याचा खाण्याचा खर्च ९० कोपेक. पुरा एक रूबलही नव्हे! आम्ल सांडून त्याच्या विजारीला भोके पडली होती. रस्त्यातील पोरे त्याला हसत. पण त्याला त्याची खंत नव्हती. सारा दिवस तो सार्वजनिक ग्रंथालयात बसून असे. तेथील ग्रंथपाल निकोलाय फ्योदोरोव्ह यांनी या अबोल मुलाला पुस्तकांची वाण पडू दिली नाही. अशा रीतीने उच्च गणित, पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र हे विषय त्याने स्वतःच आत्मसात केले. अखेर उपासमारीने मुलगा खंगत चालल्याचे कळताच वडिलांनी त्याला घरी परत बोलावून घेतले.

१८७९ साली त्सिओल्कोव्स्की शिक्षकाची परीक्षा बाहेरून उत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी बोरोव्स्कच्या शाळेत अंकगणित व भूमिती शिकवू लागले. त्याच वर्षी व्हार्व्हारा सोकोलोव्हा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ऐकू यावे म्हणून ते स्वतः पत्र्याचे मोठाले कर्णे बनवीत आणि मुलांनी बोलताना ते कानाला लावीत. मुलांवर त्यांचे प्रेम होते. कागदाचा फुगा करून, त्यातील हवा तापवून तो उडविण्याचा प्रयोग ते करून दाखवीत. एकदा असा एक फुगा दोरी तुटून गावावरून तरंगत गेला आणि जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या छपरावर उतरला. कारागिराने तो फुगा चक्क अटकेत ठेवला!

शाळेतील कामानंतर रात्री त्सिओल्कोव्स्की आपल्या संशोधनाला बसत. वायूंच्या स्वरूपाविषयी त्यांनी एक सिद्धान्त स्वतःच्या बुद्धीने मांडला आणि तो राजधानीतील विद्वानांच्या संस्थेकडे पाठविला. उत्तर आले, की हा शोध सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच लागला आहे. आडगावी राहणाऱ्या शिक्षकाला ती बातमी कोणी सांगितली नव्हती! दुसरा एखादा निराश होऊन बसला असता. त्सिओल्कोव्स्की यांनी मात्र त्यातून असा अर्थ काढला, की आपली विचार करण्याची रीत बरोबर आहे. आता कोणी न केलेले काम हाती घ्यावयाचे.

ते काम म्हणजे धातूचे वायुयान. त्या काळी माणसे फुग्यात बसून आकाशात जात. परंतु ते फुगे कापडाचे असत. त्यांतून वायू झिरपे आणि पावसाने कापड भिजले की फुगा जड होई. शिवाय उंच गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि आतील वायू फुगतो. तो बाहेर सोडावा, तर खाली येताना फुगा दुबळा होतो. त्सिओल्कोव्स्की यांनी या साऱ्या अडचणींवर एक नवा उपाय सुचविला. त्यांचे वायुयान पातळ पत्र्याचे होते. त्याच्या बाजूंना चुण्या होत्या. बाजाच्या पेटीचा भाता जसा फुगतो आणि मिटतो, तसे हे धातूचे पोट वायूबरोबर फुगावे आणि मिटावे, अशी त्यांची योजना होती. यंत्रातून निघणारा गरम धूर नळीवाटे पोटातून फिरवून वायू हवा तेवढा तापवावयाचा. वायू तापला की यान वर जाईल, निवला की खाली येईल. वायू बाहेर सोडावयास नको आणि वाळूच्या पिशव्या खाली टाकावयास नकोत.

१८८७ साली मॉस्कोतील विद्वानांच्या सभेत त्यांना आपली कल्पना मांडण्याची संधी मिळाली. आनंदात ते परत आले. पण त्याच दिवशी घराला आग लागली. पुस्तके, नमुने, आराखडे आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळून खाक झाली. खिडकीतून बाहेर फेकलेले एक शिवणयंत्र तेवढे वाचले. त्सिओल्कोव्स्की यांची प्रकृती या धक्क्याने ढासळली. तरीही ते पुन्हा टेबलाशी बसले आणि जळालेली गणिते पहिल्यापासून मांडू लागले.

१८९० साली त्यांनी वायुयानाचा कागदी नमुना राजधानीला पाठविला आणि मोठा नमुना बांधण्यासाठी पैशांची मदत मागितली. तज्ज्ञांनी गणिते तपासली. त्यांत त्यांना मोठी चूक आढळली नाही; पण फुगा हा कायम वाऱ्याच्या हातचे खेळणेच राहणार, असे ठरवून त्यांनी मदत नाकारली. ज्या मुलाने पावलांनी अंतर मोजून गणिताची सत्यता पाहिली होती, त्याला आता आपले गणित सिद्ध करण्यासाठी पत्र्याचे तुकडेही विकत घेणे परवडत नव्हते.

१८९२ साली त्यांची बदली कालुगा या शहरी झाली. पुढील सारे आयुष्य त्यांनी तेथेच घालविले. येथे १८९४ साली त्यांनी एका विमानाचे वर्णन प्रसिद्ध केले. राइट बंधूंचे उड्डाण व्हावयास अजून नऊ वर्षे अवकाश होता. त्या वेळचे लोक विमानाची कल्पना करीत, ती पतंगासारखी. काठ्या, तारा आणि कापड यांची. त्सिओल्कोव्स्की यांचे विमान मात्र उडणाऱ्या पक्ष्यासारखे होते. अंग निमुळते, पंखांची एकच जोडी, पंखांची पुढची कड जाड व गोलसर आणि आधाराला बाहेरून एकही तार नाही. जवळजवळ याच तऱ्हेचे धातूचे विमान पुढे १९१५ साली जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी प्रत्यक्ष उडविले.

आपल्या आकृत्यांना वारा कितपत अडवितो, हे पाहण्यासाठी त्सिओल्कोव्स्की यांनी १८९७ साली घरातच एक यंत्र बनविले. एका पंख्याने पेटीतून वारा सोडावयाचा आणि त्याच्यासमोर कागदाच्या निरनिराळ्या आकृत्या ठेवून त्यांच्यावर पडणारा जोर मोजावयाचा. हे प्रयोग पाहून विज्ञान अकादमीने त्यांना ४७० रूबल दिले. ही रक्कम मोठी नव्हती. पण त्सिओल्कोव्स्की यांनी तिच्या बळावर आणखी पुष्कळ आकृत्यांची परीक्षा केली.

याच काळात ते आणखी एका वाहनाचा विचार करीत होते. फुग्याला काय किंवा विमानाला काय, हवेचा आधार लागतो. जेथे हवाच नाही, तेथे काय करावे? कल्पना करा, की तुम्ही शांत तळ्यात एका होडीत बसला आहात. वल्हे नाही, पण होडीत दगड आहेत. तुम्ही एक दगड जोराने मागे फेकलात, तर होडी थोडी पुढे सरकते. दगडामागून दगड फेकीत गेलात, तर होडीचा वेग वाढत जातो. दिवाळीतील बाण याच तत्त्वावर वर जातो. दगडांऐवजी तो जळलेला वायू मागे फेकतो. त्याला पुढे जाण्यासाठी बाहेरच्या हवेची गरज नसते.

दिवाळीचा बाण सर्वांनीच पाहिलेला असतो. त्सिओल्कोव्स्की यांनी त्याचे गणित मांडले. त्यातून एक कठोर सत्य बाहेर आले. अग्निबाणाला मागे फेकलेल्या वायूइतकाच वेग मिळवावयाचा असेल, तर निघताना इंधनासह त्याचे वजन रिकाम्या वजनाच्या सुमारे पावणेतीन पट हवे. वेग दुप्पट हवा असेल, तर सुमारे साडेसात पट आणि तिप्पट हवा असेल, तर सुमारे वीस पट! वेग एकेका पायरीने वाढतो, पण ओझे गुणाकाराने वाढते. म्हणून साधी दारू कामाची नाही; अधिक वेगाने वायू फेकणारे इंधन पाहिजे. त्यांनी द्रवरूप उद्जन आणि द्रवरूप प्राणवायू यांची निवड केली. हे सारे त्यांनी १९०३ साली एका मासिकात प्रसिद्ध केले. लेखात उतारूंची खोली, इंधनाच्या टाक्या आणि दिशा बदलण्याची सोय यांचेही वर्णन होते.

पण त्या लेखाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. लवकरच ते मासिकही बंद पडले. १९०८ साली ओका नदीला महापूर येऊन त्यांच्या घरात पाणी शिरले आणि पुष्कळ साहित्य नष्ट झाले. शाळा, घरातील आजारपणे, पोटच्या मुलांचे अकाली मृत्यू आणि पैशांची चणचण यांतून वाट काढीत ते लिहीतच राहिले. आपल्या पुस्तिका ते बहुधा स्वतःच्या खर्चाने छापीत आणि जिज्ञासू माणसांना पाठवून देत.

दिवस पालटू लागले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९२१ साली सोव्हिएत सरकारने त्यांना तहहयात निवृत्तिवेतन दिले. १९२३ साली हेर्मान ओबेर्थ या संशोधकाचे अग्निबाणावरील पुस्तक जर्मनीत प्रसिद्ध झाले. १९२६ साली अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड यांनी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. मग कालुग्याच्या या शिक्षकाने हे गणित १९०३ सालीच मांडले होते, याची आठवण लोकांना झाली. देशोदेशींहून त्यांना पत्रे येऊ लागली.

म्हातारपणीही त्यांची प्रतिभा थकली नव्हती. १९२७ साली त्यांनी चाकांवाचून धावणाऱ्या आगगाडीची कल्पना मांडली. गाडीच्या सपाट तळाखाली जोराने हवा कोंडावयाची, म्हणजे गाडी हवेच्या पातळ गादीवर उचलली जाईल आणि घर्षणावाचून सुसाट जाईल. वाटेत नदी किंवा दरी आली, तर पूलही नको. आपल्या वेगाच्या जोरावरच गाडी पलीकडे उडी घेईल! ही उडी कोणत्याही गाडीने अद्याप घेतलेली नाही. पण हवेच्या गादीवर चालणाऱ्या एका इंग्रजी वाहनाने १९५९ साली इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी ओलांडली आणि अशाच तत्त्वावरील एका फ्रेंच गाडीने १९७४ साली ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. १९२९ साली त्यांनी अग्निबाणांची गाडी सुचविली. एकामागे एक अनेक अग्निबाण जोडावयाचे. ज्याचे इंधन संपेल, तो गळून पडेल आणि उरलेले हलके होऊन पुढे जातील. वजनाच्या त्या कठोर गणितावर त्यांनी शोधलेला हा तोडगा होता.

आणि त्यांचे लाडके धातूचे वायुयान? त्यासाठी ते पन्नास वर्षे झिजले. अखेरच्या वर्षांत सरकारने ते मनावर घेतले. लहान नमुने तयार होऊन त्यांच्या चाचण्याही झाल्या. परंतु मोठे यान कधीच उडाले नाही. १९२९ साली अमेरिकेत पत्र्याच्या कवचाचे एक लहान वायुयान निराळ्या रचनेवर बांधले गेले व ते काही वर्षे उडतही होते; पण तोवर विमानांनी आकाश जिंकले होते. १९३७ साली हिंडेनबुर्ग हे जर्मनीचे प्रचंड वायुयान अमेरिकेत उतरताना जळाले आणि उतारूंच्या वायुयानांचे युगच मावळले. ज्या कामावर त्यांनी सर्वांत अधिक जीव टाकला, ते मागे पडले आणि रात्रीच्या वेळात मांडलेले अग्निबाणाचे गणित अमर झाले. आपल्या कोणत्या श्रमाला फळ येईल, हे श्रम करणाऱ्याला आधी कळत नसते.

१९ सप्टेंबर १९३५ रोजी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी, त्सिओल्कोव्स्की यांचे कालुग्यात निधन झाले. त्यांच्या पुस्तिका वाचलेल्या तरुणांत सर्गेई कोरोल्योव्ह नावाचे एक अभियंता होते. त्यांच्या नेतृत्वाखाली ४ ऑक्टोबर १९५७ रोजी मानवाने पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. त्सिओल्कोव्स्की यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होऊन तेव्हा अवघे सतरा दिवस झाले होते. १९६१ साली युरी गागारिन अवकाशात जाऊन आले आणि त्याच वर्षी कालुग्यात त्सिओल्कोव्स्की यांच्या स्मरणार्थ उभारावयाच्या संग्रहालयाची पहिली शिळा त्यांनी बसविली. चंद्राच्या पलीकडील बाजूच्या एका मोठ्या विवराला आज या शिक्षकाचे नाव आहे. २०२३ साली भारताचे चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने गेले, त्याच्या सर्वांत वरच्या टप्प्यात द्रवरूप उद्जन आणि द्रवरूप प्राणवायू हेच इंधन होते.

त्सिओल्कोव्स्की यांच्यापाशी कारखाना नव्हता, धन नव्हते, ऐकण्याची शक्तीही नव्हती. जे बांधता येत नव्हते, ते त्यांनी निदान अचूक मोजून ठेवले. नुसती स्वप्ने पाहणारे पुष्कळ असतात. आपल्या स्वप्नाचे गणित मांडून, ते तपासून, पुढच्या पिढीच्या हाती देणारे थोडे. लहानपणी बुरुजाचे अंतर काढल्यावर पावलांनी मोजत जाणे त्यांना शक्य होते. ताऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेचे गणित मात्र त्यांना मोजून पाहता आले नाही. ती पावले त्यांच्या मागून आलेल्यांनी टाकली आणि उत्तर बरोबर आले.